पर्शेरॉन : पाळणारा आणि मोजणारा

पर्शेरॉन ही फ्रान्समधील ओढकामाच्या घोड्यांची जात आहे. पॅरिसच्या नैर्ऋत्येला सुमारे दीडशे किलोमीटरवर पर्श नावाचा जुना प्रांत होता. उईन नदीचे खोरे, चुनखडीवरची चिकणमाती आणि झुडपांच्या कुंपणांनी तुकडे पाडलेली कुरणे ही त्याची ओळख. राज्यक्रांतीनंतर हा प्रांत ओर्न, अर-ए-ल्वार, सार्त आणि ल्वार-ए-शेर या जिल्ह्यांत वाटला गेला. नाव मात्र घोड्यामुळे जगभर पोहोचले. जातीची वंशावळ सांभाळणारी संस्था १८८३ मध्ये नोजां-ल-रोत्रू या गावी स्थापन झाली. फ्रेंच नोंदणीत रंग दोनच चालतात, राखाडी आणि काळा. उंचीला १५५ ते १८५ सेंटिमीटर आणि वजनाला ५०० ते १२०० किलो इतकी मोकळीक आहे.

पाचशे किलोचे जनावर आणि बाराशे किलोचे जनावर एकाच जातीत कसे बसते, यावर दोन मते आहेत. एक मत घोडे पाळणाऱ्यांचे आणि दुसरे त्यांचा जमाखर्च मांडणाऱ्यांचे. येथे त्या दोन बाजूंना मोतद्दार आणि हिशेबनीस अशी नावे दिली आहेत. मोतद्दाराच्या मते जातीला स्वतःचा एक गाभा असतो आणि तो पिढ्या बदलल्या तरी सुटत नाही. हिशेबनिसाच्या मते गिऱ्हाईक मागेल तसा घोडा घडतो, बाकी सगळे नंतर रचलेले कौतुक.

मोतद्दार : "गाभा पाहायचा असेल तर घोडा उभा असताना पाहू नका, दुडकीवर पाहा. जड ओढीच्या बऱ्याच जाती पावलापावलाने चालायला उत्तम, जरा पळवले की दम टाकतात. पर्शेरॉन टनभर वजनाचा असूनही दुडकी धरतो आणि टिकवतो. त्याचं गमक खांद्यात आहे. खांदा उभा असला की गळ्यातल्या कॉलरवर जोर नीट बसतो, पण पाऊल आखूड पडतं. फार तिरपा असला की पाऊल लांब पडतं, पण जड ओझ्याला तो खांदा कमी पडतो. पर्शेरॉनला दोन्हींच्या मधला खांदा मिळालाय."

हिशेबनीस : "मिळालाय नव्हे मोतद्दार, करवून घेतलाय. टपालवाल्यांना तसाच हवा होता."

हिशेबनिसाच्या या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. रेल्वे येण्यापूर्वी फ्रान्समधील टपाल आणि प्रवासी गाड्या घोडे ओढत. चौकीमागून चौकी गाठायची, प्रत्येक चौकीवर दमलेले घोडे सोडून ताजे जुंपायचे, आणि मधल्या टप्प्यात दुडकी मोडू द्यायची नाही, असे ते काम होते. जड गाडी आणि वेग या दोन्ही मागण्या एकाच जनावराकडून पुऱ्या व्हायला हव्या होत्या. पर्शमधले मध्यम बांध्याचे घोडे त्याला योग्य ठरले. करड्या-पांढऱ्या घोड्यांना जास्त पसंती असे, कारण रात्रीच्या अंधारात गाडीवानाला ते दिसत.

मोतद्दार : "मागणी कितीही करा, रक्तात नसेल ते कुठून येणार? अरबी घोड्यांचं रक्त आहे त्यात. डोके पाहा, रुंद कपाळ, मोठे डोळे, जड जातींना न शोभणारी नाजूक नाकपुडी."

हिशेबनीस : "ही कथा गोड आहे, कागद मात्र पातळ आहेत."

अरबी रक्ताची कथा अनेक पदरी आहे. ७३२ च्या प्वातिएच्या लढाईनंतर मूर सैन्याचे घोडे मागे राहिले असे एक सांगणे. धर्मयुद्धांवरून परतलेल्या सरदारांनी घोडे आणले असे दुसरे. तिसरे असे की ल पॅं येथील शाही पागेतले गोडोल्फिन आणि गालिपोली हे अरबी घोडे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पर्शच्या घोड्यांवर वापरले गेले. जातीचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो जां-ल-ब्लां १८२३ चा, आणि आजचे पर्शेरॉन त्याच्यापर्यंत आपली वंशरेषा नेतात. त्याचा संबंध गालिपोलीशी जोडला जातो, पण फ्रेंच अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे. एकोणिसाव्या शतकात अरबी रक्त म्हटले की घोड्याची किंमत चढत असे, हेही ध्यानात घ्यायला हवे. या मुद्द्यावर हिशेबनिसाचे पारडे जड आहे.

रेल्वेने टपालगाड्या बंद पाडल्या तेव्हा जात संपायला हवी होती. घडले वेगळेच. रेल्वे स्थानकापर्यंत माल आणि माणसे आणायला शहरात आणखी घोडे लागू लागले. १८५५ मध्ये पॅरिसच्या बसगाड्या एका कंपनीखाली एकत्र आल्या आणि पर्शेरॉनला मोठे गिऱ्हाईक मिळाले. दुमजली बसगाडी भरली की जड होई, दगडी रस्त्यावर थांब्याथांब्याला ती थांबवून पुन्हा हलवावी लागे, आणि मधल्या अंतरात दुडकीने न्यावी लागे. चाळीस प्रवाशांच्या मोठ्या गाडीला तीन घोडे जुंपले जात. पॅरिसमधली घोड्यांची शेवटची बस जानेवारी १९१३ मध्ये थांबली. त्या काळातील पॅरिसच्या घोडेबाजाराचे चित्र रोझा बोनर या चित्रकर्तीने १८५३ मध्ये प्रदर्शित केले. आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेला हा कॅनव्हास पाच मीटरहून रुंद आहे. मागच्या पायांवर उभे राहणारे, मान वळवणारे, गुबगुबीत पुठ्ठ्यांचे त्यातले घोडे पर्शेरॉन आहेत. बाजारात आठवड्यातून दोनदा जाऊन रेखाटने करता यावीत म्हणून पुरुषी पोशाख घालण्याचा पोलिसी परवाना तिला काढावा लागला होता.

मोतद्दार : "बसगाडीचा घोडा स्वभावाने शांत नसेल तर एक दिवस टिकणार नाही. गर्दी, घंटा, चाबूक, घसरडा दगड. हा स्वभाव कुठल्या वहीत मांडता?"

हिशेबनीस : "वहीतच मांडतो. उधळणारा घोडा खाटकाकडे गेला आणि शांत घोड्याची पैदास झाली. शंभर वर्षं असं केलं की त्याला स्वभाव म्हणतात."

मोतद्दार : "बरं, तसं का होईना, आज तो आहे ना? मग तो त्याचाच झाला."

हा मुद्दा वरवर शब्दच्छल वाटला तरी जातीच्या व्याख्येपाशी जातो. गुण निवडीने आले म्हणून ते जातीचे नाहीत असे म्हटले, तर कोणत्याच पाळीव जनावराला स्वतःचे काही उरत नाही. मोतद्दाराचे उत्तर साधे आहे, पण टिकणारे आहे.

अमेरिकेतली मागणी वेगळी होती. १८३९ मध्ये न्यू जर्सीच्या एडवर्ड हॅरिसने पर्शेरॉन घोडे मागवले. पहिल्या खेपेतले बहुतेक घोडे समुद्रावरच मेले, तरी त्याने पुन्हा खेप आणली. त्यातला दिलिजांस हा घोडा सुमारे चारशे शिंगरांचा बाप झाला असे मानतात. मिसिसिपी खोऱ्यातल्या सपाट, जड जमिनीला रुंद नांगर आणि मोठी यंत्रे लागत, आणि ती ओढायला मोठी जनावरे. १८७६ मध्ये शिकागोत या जातीची संघटना स्थापन झाली. इलिनॉयमधला मार्क डनहॅम फ्रान्सहून शेकडोंनी घोडे आणत असे. अमेरिकी खरेदीदार जास्त वजन मागत आणि पुढे काळा रंगही मागू लागले. पर्शच्या शेतकऱ्यांनी दोन्ही पुरवले. दुडकीवाला घोडा मागे पडला आणि नांगराचा घोडा पुढे आला. १९३० च्या जनगणनेत अमेरिकेतील शुद्ध जातीच्या ओढकामाच्या घोड्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक पर्शेरॉन होते.

रंगाच्या मागणीला निसर्गाची एक गंमत जोडलेली आहे. राखाडी पर्शेरॉनचे शिंगरू जन्मतः बहुधा काळेच असते. पहिले पांढरे केस डोळ्यांभोवती आणि तोंडावर दिसतात, मग अंगावर ठिपके उमटतात आणि वर्षानुवर्षे घोडा फिकट होत जातो. ज्या जनुकीय बदलामुळे हे होते तो २००८ मध्ये सापडला, आणि त्याच बदलामुळे अशा घोड्यांना म्हातारपणी शेपटीखाली व गुदाभोवती काळ्या गाठी येण्याचा धोका असतो. रात्री दिसावा म्हणून निवडलेल्या रंगाची किंमत घोडा असा चुकवतो.

पर्शेरॉनच्या पायांवर लांब केस नसतात, आणि पहिल्या महायुद्धात हा गुण उपयोगी पडला. ब्रिटनच्या शायर आणि स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल घोड्यांच्या घोट्यांभोवती केसांचे जाड झुबके असतात. फ्लँडर्सच्या चिखलात ते भिजून राहत आणि त्वचेला भेगा पडून ती सडू लागे. पर्शेरॉनचा पाय धुतला की मोकळा. ब्रिटिश लष्कराने हे घोडे अमेरिकेतून विकत घेतले, त्यांची कामगिरी पाहिली, आणि १९१८ मध्ये ब्रिटनमध्येही या जातीची संस्था निघाली.

मोतद्दार : "घ्या, हा गुण कोणी मागितला नव्हता. तो होता म्हणून उपयोगी पडला."

हिशेबनीस : "कबूल. मागितला नव्हता खरा. आता शक्तीचा हिशेब काढू, तिथे कौतुकाला जागा नाही."

जेम्स वॉटने ठरवलेली एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, आजच्या भाषेत ७४६ वॅट. दिवसभर काम करणारा घोडा आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ओढ टिकवू शकतो. ९०० किलोच्या घोड्याची ओढ धरू ९० किलो. ताशी चार किलोमीटर वेगाने हे काम सुमारे ९८० वॅट होते, म्हणजे एक अश्वशक्ती आणि वर तिसरा हिस्सा. काही सेकंद जोर लावायचा असेल तर चौदा-पंधरा अश्वशक्तीपर्यंत घोडा जातो, आणि अडकलेली गाडी चिखलातून निघते ती या राखीव जोरावर. ९० किलोची ओढ म्हणजे ९० किलोचे ओझे नव्हे. चाकाची गाडी आणि पक्का सपाट रस्ता असेल तर एवढ्या ओढीत दोन-तीन टन माल हलतो, नांगराच्या तासात मात्र हीच ओढ संपून जाते. एका फाळाच्या नांगराने चांगली जोडी दिवसाकाठी सुमारे एकरभर जमीन उलटते.

हिशेबनीस : "आणि लहानसा ट्रॅक्टर पंचवीस-तीस अश्वशक्तीचा. तो उभा असताना खात नाही. तुमचा घोडा रविवारी खातो, पावसात खातो, आजारी असताना खातो. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत लागवडीच्या जमिनीपैकी सुमारे चौथा हिस्सा घोडे-खेचरांचा चारा पिकवण्यात जात होता. ती जमीन ट्रॅक्टरने माणसांना परत दिली."

मोतद्दार : "आणि डिझेल विहिरीतून उपसतात वाटतं? घोड्याचं खाणं शेतात उगवतं, शेण शेताला मिळतं, आणि घोडी दर वर्षा-दोन वर्षांनी नवा घोडा देते. तुमचा ट्रॅक्टर शिंगरू देईल त्या दिवशी बोलू."

या देवाणघेवाणीत दोघांनीही खाद्याचा प्रश्न उरकून टाकला. खरी अडचण तिथेच आहे. घोडा वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा चारा खातो, म्हणजे ९०० किलोच्या जनावराला रोज साडेतेरा ते साडेबावीस किलो, आणि चाळीस-साठ लिटर पाणी. त्याचे पोट शरीराच्या मानाने लहान असते, त्याला उलटी करता येत नाही, आणि चाऱ्याचे किण्वन मोठ्या आतड्यात होते. एकदम भरपूर दाणा खाल्ला की पोटशूळ उठतो आणि तो जीवही घेतो. बैल रवंथ करून कडब्यावर जगतो आणि उन्हात उभा राहतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत ओढीचे काम बैलाकडे राहिले आणि घोडा स्वारीपुरता राहिला, त्यामागे हेही एक कारण आहे. टनभराच्या जनावराला अंगातली उष्णता बाहेर टाकायला वजनाच्या मानाने त्वचा कमी पडते. थंड, गवताळ मुलखाबाहेर जड घोडे फारसे रुजले नाहीत.

जड घोड्यांचा एक आजार गाडीवानांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. रविवारी सुट्टी, दाणा मात्र नेहमीचा. सोमवारी जुंपला की काही अंतरावर घोडा थबके, पुठ्ठे दगडासारखे कडक होत, लघवी काळपट होई. स्नायूंत साखर नको तितकी साठणे हे त्याचे एक मोठे कारण असून त्यामागचा जनुकीय दोष २००८ मध्येच उघड झाला. पर्शेरॉन आणि बेल्जियन या दोन्ही जातींत तो बराच आढळतो. उपाय औषधापेक्षा खाण्यात आहे. दाण्यातला पिष्टाचा भाग कमी करायचा, त्याऐवजी तेल द्यायचे आणि एकही दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवायचा नाही.

मोतद्दाराचे कौशल्य दिसते ते साजात. कॉलर घोड्याच्या मापाची हवी. खाली, श्वासनळी आणि कॉलरची कड यांच्यामध्ये माणसाचा तळवा आडवा सरकला पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर चढावर घोड्याचा श्वास कोंडतो, सैल असेल तर कॉलर खांद्यावर घासते आणि दुपारपर्यंत कातडी सोलते. हंगामात घोडा बारीक-जाड होतो, म्हणून वसंतात बसलेली कॉलर शरदात बसेलच असे नाही. नाल सहा-आठ आठवड्यांनी बदलावे लागतात, आणि एवढा मोठा खूर धरून ठेवणारा नालबंद शोधणे हे आज कित्येक ठिकाणी घोडा शोधण्याहून अवघड काम झाले आहे.

ट्रॅक्टरपुढे जात किती वेगाने ओसरली हे अमेरिकेतल्या नोंदींत दिसते. १९५४ मध्ये त्या देशात अवघ्या ८५ पर्शेरॉनची नोंदणी झाली. अमिश या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर शेतात उतरवला नाही, म्हणून घोडे पुरते संपले नाहीत. फ्रान्समध्ये जात टिकली ती वेगळ्याच कारणाने. तिथे घोड्याचे मांस विकायला १८६६ पासून कायद्याने मोकळीक होती. काम संपल्यावर पैदासकारांना खाटीक हाच खरेदीदार उरला. १९६६ मध्ये वंशावळीची नोंदवही उघडून बेरिशॉन, निव्हर्ने, ओजेरॉन अशा आसपासच्या जातींचे घोडे पर्शेरॉन म्हणून घेतले गेले. वजन हाच गुण ठरला. पाय आखूड झाले आणि दुडकी हरवत चालली.

हिशेबनीस : "इथे तुमचा गाभा कुठे गेला?"

मोतद्दार : "गेला नव्हता, दबला होता. नव्वदच्या दशकात अमेरिकेतून पैदाशीचे घोडे फ्रान्सला परत आणले, तेव्हा लांब पाय आणि दुडकी परत आली. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी ती जपून ठेवली होती."

हिशेबनीस : "म्हणजे माझंच म्हणणं. परेडच्या बग्गीवाल्यांनी पैसे मोजले म्हणून जपली."

दोघेही अर्धे बरोबर आहेत. लांब पायांचा पर्शेरॉन अमेरिकेत प्रदर्शनांच्या आणि बग्ग्यांच्या बाजारामुळे टिकला, पण तो टिकवता आला कारण मूळ घोड्यात ते होते. खाटिकासाठी वाढवलेल्या कळपातून तो पुन्हा काढणे सोपे गेले नसते.

आजच्या उपयोगांत द्राक्षमळ्यांवर सर्वाधिक वाद होतो. बर्गंडीत आणि बोर्दोच्या परिसरात काही नामवंत द्राक्षबागायतदारांनी ओळींमधली मशागत पुन्हा घोड्याकडे दिली आहे. कारण सांगितले जाते ते जमीन दबण्याचे.

हिशेबनीस : "जरा मोजू या. नऊशे किलोचा घोडा चार खुरांवर उभा. खुराचं क्षेत्रफळ धरू दोनशे वीस चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला किलोभर दाब येतो, चालताना दोनच पाय टेकले की दोन किलो. ट्रॅक्टरच्या टायरचा दाब याहून जास्त नसतो, उलट कमीही असतो. मग घोडा जमीन कशी वाचवतो?"

मोतद्दार : "तुम्ही खूर मोजलात, चाल मोजली नाही. टायर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पट्टा दाबतं. घसरलं की माती चोपून गुळगुळीत करतं, आणि दरवेळी त्याच पट्ट्यावर येतं. घोड्याचं पाऊल तुटक पडतं. शिवाय खोल जमीन दबते ती एकूण ओझ्यानं, आणि ट्रॅक्टर टनावारी असतो."

मोतद्दाराचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. वरच्या थराचे नुकसान पृष्ठावरच्या दाबावर अवलंबून असते, खालच्या थराचे एकूण भारावर. अर्थात मळेवाल्याला घोड्यामुळे बाटलीची प्रतिष्ठाही मिळते, आणि ती जमिनीच्या हिशेबात येत नाही. तीव्र उताराच्या जंगलात यंत्राची वाट न पाडता ओंडके ओढून आणणे हे काम मात्र निखळ उपयोगाचे आहे. एका ओंडक्यासाठी शंभर झाडांच्या मुळ्या चिरडाव्या लागत नाहीत. काही फ्रेंच शहरे कचरा आणि रिकाम्या बाटल्या गोळा करायला घोडागाड्या वापरतात. दारोदार थांबणाऱ्या कामात यंत्र वारंवार चालू-बंद करावे लागते, तिथे घोडा हाकेवर पुढे सरकतो.

जपानमध्ये हा वंश खेळात रुजला आहे. होक्काइदोच्या ओबिहिरो शहरात बान-एई नावाच्या शर्यती होतात. त्यातले घोडे पर्शेरॉन, ब्रेतॉन आणि बेल्जियन रक्ताचे, हजार किलोच्या आसपासचे असतात. लोखंडी घसरगाडीवर शेकडो किलो ओझे लादून दोनशे मीटरच्या वाळूच्या मार्गावर दोन चढ पार करायचे. घोडा चढाच्या पायथ्याशी थांबतो, दम घेतो, हाकणारा त्याला थांबू देतो, आणि मग एका दमात वर काढतो. प्रेक्षक घोड्याच्या वेगाने शर्यतीच्या कडेने चालत जाऊ शकतात. उत्तरेच्या शेतीत आणि जंगलतोडीत वापरलेल्या घोड्यांच्या जोरबाजीतून ही शर्यत जन्मली.

हिशेबनीस : "सगळं खरं. पण आज फ्रान्समध्ये नऊ जड जाती आहेत, आणि त्यांच्या शिंगरांचा मोठा हिस्सा अजून मांसासाठीच विकला जातो, बराचसा इटलीत. ती विक्री थांबली तर घोड्या पाळायला कोण पैसे देईल?"

मोतद्दार : "पैदासच करायची तर जुंपता येईल असा घोडा करा. साजाला बसवून, गाडीला सरावलेला चार वर्षांचा घोडा खाटिकाच्या भावाहून कितीतरी महाग जातो."

हिशेबनीस : "चार वर्षं त्याला खाऊ कोण घालणार? शिंगरू सहा-आठ महिन्यांत विकलं तर पैसा लगेच हातात. शेतकरी गणितच करतो."

मोतद्दार : "म्हणून तर घोडीच्या पोटात शिंगरू असतानाच तिला कामाला जुंपतात. अकरा महिन्यांतले बहुतेक महिने ती हलकं काम बिनतक्रार करते. खर्च तिथून निघतो, शिंगराच्या डोक्यावर चढत नाही."

हिशेबनीस : "काम मिळालं तर."

कामाचा हा पुरवठा गावोगाव वेगळा आहे. ज्या तालुक्यात द्राक्षमळा, जंगलाचा ठेका किंवा नगरपालिकेचा करार आहे तिथे हलका, दुडकीचा घोडा निघतो. जिथे तो नाही तिथे अजूनही जड शिंगरू खाटिकाच्या वजनकाट्याकडे पाहून वाढवले जाते, आणि नोंदवहीत दोघांच्या नावापुढे पर्शेरॉन असेच लिहिले जाते.